कुलूपबाबा आणि मिरजेची सुई

येरळेकाठी कुलूपबाबांच्या मठात अमावास्येला इतकी गर्दी असायची, की मी एकदा भलत्याच माणसाचे पाय घेऊन घरी आलो होतो.

बाबांचं काम सोपं. डोक्यात आवाज येणाऱ्याच्या कानाशी कुलूप धरून खटकन लावायचं, बाभळीला अडकवायचं, चावी नदीत फेकायची. "आवाज कुलपात, चावी पाण्यात!" नदीत पाणी नव्हतं. चाव्या वाळूत चमकत पडायच्या. भक्त तिकडं बघत नसत.

नमुना म्हणून बाबा सुलाबाईंच्या अर्जुनाला पुढं उभा करायचे. पूर्वी तो न दिसणाऱ्या माणसांशी भांडायचा, आईनं वाढलेलं ताट विष म्हणून फेकायचा. आता ट्रॅक्टर चालवत होता.

एका अमावास्येला हरणाबाई आपल्या सूरजला घेऊन आल्या. त्याचंही तेच दुखणं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. बाबा म्हणाले, गोळ्या जाळून टाक, औषधानं कुलूप गंजतं. हरणाबाईंनी गोळ्यांची पिशवी धुनीवर धरली.

"मावशी, थांबा," अर्जुना म्हणाला.

सुलाबाईंनी त्याची बाही ओढली. धाकट्या लेकीच्या, सृष्टीच्या लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून मिरजेचं नाव काढायचं नाही असं घरात ठरलं होतं. पण तो बोलला. दर महिन्याला मायलेक आधी मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांकडे जात, इंजेक्शन घेत आणि येताना मठात उतरत. गावात सांगायला बाबा बरे पडायचे. आधी त्याला गोळ्या होत्या, त्या तो वैरणीत टाकायचा. म्हैस फार समजूतदार झाली. मग डॉक्टरांनी महिनाभर अंगात हळूहळू उतरणारं इंजेक्शन सुरू केलं.

"म्हंजे आवाज सुईनं गेले व्हय रं?" बाबा हसले.

"मागल्या साली ऊसतोडीत मिरजेची सुई चुकली, तुमचा मठ न्हाई. कुलूपबी नवं लावलंसा. तरी आवाज परत आलं. आईच्या अंगावर धावून गेलो मी."

बाबा म्हणाले, ते कुलूप हलकं निघालं असेल.

सुलाबाईंनी बाही सोडली. "खरं हाय, हरणाबाई. सांगायची लाज वाटली."

हरणाबाईंनी पिशवी कमरेला खोचली. सूरजनं हळूच विचारलं, "सुई लय दुखती?"

"दुखती. एकदोन दिवस."

सृष्टीचं ते स्थळ मोडलं, हेही सांगतो. पण मंडळी, मनाचा आजार हाही आजारच. त्याला डॉक्टर लागतो, आणि बरं वाटलं म्हणून औषध आपल्या मनानं सोडायचं नसतं. बरं झाल्यावर कशानं झालं तेही उघड सांगा, नाहीतर शेजारणीचं पोर भलत्याच दारात जातं. सूरज आता मिरजेच्या गाडीत अर्जुनाशेजारी बसतो, आणि कुठं निघालात विचारलं तर सुलाबाईच आधी सांगतात.