अकरा वेळा ‘पानी’

एका कॉलेजच्या भाषा विभागात खिडकीखाली एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याला टेकून जो टेपरेकॉर्डर पडला आहे, तो मी. माझे झाकण निखळले आहे. लाल बटण आत रुतून बसले आहे, ते आता वर येत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे यंत्र पाहिलेही नसेल. जे काम आज तुमच्या खिशातला फोन करतो, त्यासाठी तेव्हा माझ्यासारखा विटेएवढा जड ऐवज लागायचा.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने चाके बसवली, दुसरीने पट्टा चढवला, तिसरीने आवाज टिपणारे डोके चिमट्याने जागेवर ठेवून स्क्रू आवळला. शेवटी तपासनिसाने माझ्यात कोरी कॅसेट घातली. तो एक, दोन, तीन म्हणाला. मी ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. ऐकायचे आणि पदरची भर न घालता तसेच सांगायचे, एवढेच मला येत होते आणि त्याचा मला फार अभिमान होता.

कॉलेजात मला आणले ते एका मॅडमनी. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ‘भाषा आणि समाज’ हा नवा विषय सुरू केला होता, आणि माझ्यासाठी दोन वर्षे कार्यालयाचे उंबरे झिजवले होते. मॅडम मनापासून शिकवत. दर वर्षी पहिल्याच तासाला त्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत, ‘कोणतीही बोली अशुद्ध नसते.’ मुले ते वाक्य वहीत उतरवून घेत. कुणी त्यात ‘अशुध्द’ लिहिले, तर मॅडम त्याखाली लाल रेघ मारत.

एकाच गावातली माणसे वेगवेगळी का बोलतात, साहेबापुढे गेल्यावर आवाज का बदलतो, कुणाचे बोलणे ऐकून घेतात आणि कुणाचे उडवून लावतात, असा तो विषय होता. सहामाहीला प्रत्येकाने मला एक दिवस घरी न्यायचे आणि घरातल्या मोठ्या माणसाला बोलते करायचे. मग त्यातली पहिली पाच मिनिटे शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायची. मॅडम एक युक्ती सांगत. जिवावर बेतलेला प्रसंग विचारा. जीव वाचल्याची गोष्ट सांगताना माणूस आपण कसे बोलतो ते विसरतो. आणि समोर बसून राहू नका, नाहीतर तो तुमच्यासारखे बोलायला जाईल. मला चालू करून आपल्या कामाला लागा.

ती माझी सुखाची वर्षे. मी न्हाव्याच्या दुकानात बसलो, पहारेकऱ्याच्या खोपटात बसलो, एका आजारी आजोबांच्या उशाशी बसलो. विभागाचे शिपाईमामा दर शनिवारी स्पिरिटच्या बोळ्याने माझे डोके पुसत. पाहुणे आले की मॅडम माझ्यावर हात ठेवून म्हणत, “हा आमच्या विभागाचा कान.”

चौथ्या वर्षी मला मिठूने घरी नेले. हे तिचे घरचे नाव. लहानपणी तिची टकळी बंद होत नसे, म्हणून आईने ठेवलेले. कॉलेजात मात्र ती दोन महिने वर्गात अवाक्षर बोलली नव्हती. नुसती ऐकत होती. रिकाम्या जिन्यात उभी राहून ‘आणि, कोण, पाणी’ असे पुटपुटताना शिपाईमामांनी तिला एकदा पाहिले होते. तोंडात ‘ण’ बसल्यावरच तिने वर्गात पहिला प्रश्न विचारला.

तिची आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. वडील नव्हते. दोघींची एक खोली, खिडकीशी टेबल, बाहेर सामायिक नळ. रविवारची दुपार होती. मिठूने मला टेबलावर ठेवले तेव्हा आई हात पुसून, फोटोला बसावे तशी ताठ बसली. काय बोलू, असे तिने विचारले. मिठू म्हणाली, मी पोटात असताना पाइप फुटला होता ना, ते सांग. मग टेप करायची दोन बटणे एकदम दाबून ती भांडी घासायला बाहेर नळावर गेली.

सुरुवातीला आई अडखळली. नंतर मॅडम म्हणत तसेच झाले. तिला सातवा महिना होता. धुलाईखान्यात कढत पाण्याचा मोठा पाइप होता, तो सांध्याजवळ फुटला आणि तिची जोडीदारीण, जिला सगळ्या वहिनी म्हणत, ती त्याच्या समोर होती. आईच्या पायात काही नव्हते. तरी ती त्या पाण्यातून गेली आणि वहिनीला काखेत धरून तिने ओढत दाराबाहेर आणले.

“गरम पानी अंगावर आल्यावर मानूस ओरडतो,” आई म्हणाली. “वहिनी ओरडली नाही. गप बसली. तेव्हाच मी ओळखलं.”

वहिनी पुढे आठ दिवस होती. तिला एकच मागता यायचे, पाणी. आई पोट सावरत तिच्याशी बसून चमच्याने ते पाजायची.

इथवर मिठूला सगळे ठाऊक होते. लहानपणापासून तिने ते तुकड्यातुकड्याने ऐकले होते. पण गोष्ट संपली तरी आई उठली नाही. तिने दाराकडे पाहिले. नळ चालू होता. मग ती पुढे वाकली आणि माझ्याशी बोलू लागली.

“तो पाइप महिनाभर गळत होता. आम्ही दोनदा साहेबाला सांगितलं, पानी गळतंय. त्यानं आमची नक्कल केली. ‘पानी गळतंय का गं, पानी?’ सगळी कचेरी हसली. तिसऱ्यांदा कोनी गेलंच नाही. मीपन नाही गेले.” तिने पुन्हा दाराकडे पाहिले. “पोरीला हे सांगितलं नाही कधी. तुला सांगायला काय, तू काय हसनार नाहीस.”

मित्रांनो, माणसाने मला ‘तू’ म्हटले, ते तेवढ्या एका वेळी.

संध्याकाळी मिठू कागद घेऊन बसली. पाच मिनिटे उतरवायची, म्हणजे एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे. ‘ण’च्या जागी ‘न’ जिथे येईल तिथे ती खूण करत होती. पानी. मागे. पानी. मागे. पानी. आई खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात हळूहळू थांबला.

“एवढं चुकतं का गं माझं?” तिने विचारले.

“चूक नाही, आई. मॅडम म्हणतात, चूक असं काही नसतंच.”

“मग तू मोजतेस कशाला?”

मिठूने माझा आवाज बारीक केला. पाच मिनिटे उतरवून झाल्यावर तिने मला बंद केले, पुढचे ऐकलेच नाही.

वर्गात तिची कॅसेट लावली तेव्हा दुसऱ्याच वाक्याला मागच्या बाकावर खसखस पिकली. मॅडम रागावल्या. हसण्यासारखे यात काय आहे, असे त्यांनी विचारले. आणि मुलांना ते नीट कळावे म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा लावले, मग तिसऱ्यांदा लावले. नंतर पाच मिनिटांचा तो सगळा तुकडा लावला आणि ‘ण’च्या जागी कुठे कुठे ‘न’ येतो ते मोजा, म्हणाल्या. कुणी नऊ म्हणाले, कुणी दहा. मिठूने मान वर न करता हात वर केला.

“अकरा, मॅडम. नुसतं ‘पानी’च अकरा वेळा.”

मॅडमनी तिला शाबासकी दिली. तास संपला. वहिनीचे पुढे काय झाले, हे वर्गात कुणी विचारले नाही, कारण तिथवर कॅसेट पोचलीच नव्हती. पुढे महिनाभर मुले व्हरांड्यात मिठूला गाठून पानी मागत, आणि तीही त्यांच्याबरोबर हसत असे.

खरे नुकसान घरात झाले. आईने बोलणे कमी केले आणि जेवढे ठेवले तेवढे ती जपून बोलू लागली. कोणता शब्द कुठे चुकतो ते तिला समजेना, म्हणून तिने सगळीकडेच ‘ण’ घातला. दुकानाला ती दुकाण म्हणू लागली, तीन चादरींना तीण. एकदा मिठूला म्हणाली, “माझं मण लागत नाही गं.” हे मला कसे माहीत? मिठूनेच विभागात येऊन मॅडमना सांगितले, मी टेबलावर होतो. मॅडम म्हणाल्या, याला पुस्तकात नाव आहे, तुला परीक्षेत उत्तम उदाहरण मिळाले. मिठूने ते उदाहरण लिहिले. त्या विषयात ती पहिली आली.

निकालानंतर शिपाईमामांनी तिला विचारले होते, कॅसेट जपून ठेवायची आहे का. ठेवायची असेल तर मागची बारकी पट्टी मोडून टाक, म्हणजे तिच्यावर कुणी दुसरे काही भरणार नाही. मिठू म्हणाली, नको मामा, त्यात काही विशेष नाही.

जूनमध्ये प्राचार्यांचे स्वागताचे भाषण टेप करायचे होते. कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा कपाटातली हाताला आली ती घातली. माझ्या पोटात दोन डोकी असतात. पहिले जुने पुसते, दुसरे नवे लिहिते. बटण दाबले की नाही म्हणायची मला सोय नाही. प्राचार्य शिस्तीवर बोलत राहिले आणि त्या प्रत्येक शब्दाच्या आधी मी आईचा एकेक शब्द पुसत गेलो. नळाचा आवाजही गेला. साहेबाची गोष्ट गेली.

मॅडम निवृत्त झाल्या. नवे सर तो विषय छापील नोट्सवरून शिकवू लागले, मुलांकडे फोन आले, आणि मला खालचा कप्पा मिळाला. शनिवारचा स्पिरिटचा बोळा आधी महिन्याने येऊ लागला, मग बंद झाला. मिठूच्या त्या तासाला अशी चौदा वर्षे झाली.

एके दिवशी सकाळी कपाट उघडले. मामांचे केस पांढरे झाले होते. शेजारी उभ्या बाईचा आवाज स्वच्छ आणि घोटीव होता. एका विमा कंपनीत ती फोनवर ग्राहकांशी बोलते असे तिने सांगितले. ती मिठू आहे हे मला तिने आईचे नाव काढल्यावर कळले. चार महिन्यांपूर्वी आईला झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. बोलणे शिकवणाऱ्या बाईंनी विचारले होते, आधी त्या कशा बोलायच्या ते कुठे टेप केलेले आहे का? कुठले शब्द तोंडात होते ते कळले, तर तिथून सुरुवात करता येईल. बाईंचे म्हणणे, वाचा थोडी परत येऊ शकते, पण या प्रयत्नच करत नाहीत. ओठ उघडतात, लेकीकडे बघतात आणि मिटून घेतात.

मामांनी कॅसेट शोधून काढली. तिच्यावर मिठूचेच अक्षर होते. माझा पट्टा सैल झाला होता, तरी मी फिरलो. प्राचार्य बोलू लागले.

मिठूने ते थांबवले नाही. ती स्टुलावर बसून शिस्तीवरचे भाषण अर्धा तास ऐकत राहिली. मग कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला कुठल्याशा सत्काराच्या टाळ्या होत्या. त्याही तिने शेवटपर्यंत ऐकल्या. मामा म्हणाले, तेव्हा तू नको म्हणालीस, पोरी. ती म्हणाली, हो मामा, मीच म्हणाले. मग तिने मला घरी न्यायची परवानगी मागितली. वस्तू नेताना सही करायची वही केव्हाच बंद पडली होती. मामांनी मला फडक्याने पुसून तिच्या हातात दिले.

घर आता दोन खोल्यांचे होते. आई खुर्चीत बसली होती, मांडीवर उजवा हात ठेवून दिल्यासारखा. मिठूने मला समोर ठेवले आणि दोन्ही बटणे दाबली. आईने माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. ओळखले असावे, कारण तिने डावा तळहात तोंडावर नेला.

मिठू तिच्या पायाशी खाली बसली. तिने तो हात हळूच बाजूला केला आणि चौदा वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलू लागली. जीभ वळेना, तरी बोलली.

“आई, पानी देऊ का? मी कोन आहे, ओळखलंस का? मिठू आहे मी. पानी पाहिजे का तुला?”

आईचे ओठ हलले. गळ्यातून घरघर आली. कपाळावर घाम आला. तिने डाव्या हाताने मिठूचे मनगट धरले, आणि लहान मुलाचे चुकले की आपण करतो तशी नाही म्हणून मान हलवली.

“पा...” ती म्हणाली. पुष्कळ वेळ गेला. “...णी.”

मिठूने मान डोलावली, आणि उठून पाणी आणले. आईने दोन घोट घेतले. त्यानंतर कॅसेट संपेपर्यंत मिठू तिच्या पायाशी बसून राहिली. आई पुढच्या थंडीत गेली. तोवर ती आणखी काही बोलली की नाही, हे मामांनाही माहीत नाही. मिठूने मला परत आणून दिले, तेव्हा लाल बटण आत अडकलेलेच होते.

मित्रांनो, आता मला दुरुस्त करून काही उपयोग नाही, आणि तशी माझी मागणीही नाही. लवकरच भंगारवाला येईल. कदाचित तुम्हीही पुढे तो विषय शिकाल. फळ्यावरचे ते वाक्य खरे आहे, ते वहीत जरूर उतरवा. पण घरातले कुणी आपली गोष्ट सांगू लागले, तर भांडी तशीच राहू द्या. समोर बसा आणि गोष्ट संपून ते माणूस उठेपर्यंत उठू नका. हे काम माझ्यासारख्यावर सोपवू नका. मी जसेच्या तसे सांगतो खरा, पण ज्याने शेवटचे बटण दाबले, त्याचेच.