रक्ताचा कौल

नेरिडाच्या वडिलांचा, क्लेमचा, सारा जीव एका वळूत होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या त्या टापूत तसं देखणं जनावर दुसरं नव्हतं. त्याची वासरं जन्मायच्या आधीच लोक बोलून ठेवत.

दूध तोडलेल्या वासरांचं रक्त तपासायचं नेरिडानं ठरवलं, तेव्हा क्लेमनं नाक मुरडलं. वाढीचं एक संप्रेरक असतं. ते ज्या वंशात चढं, त्याची जनावरं तेवढ्याच मांसासाठी जास्त चारा फस्त करतात, असं संशोधन केंद्रातली माणसं सांगत. निकाल आले. लाडक्या वळूच्या वासरांत ते सगळ्यांत चढं निघालं. सगळ्यांत कमी निघालं एका बुटक्या, विटक्या वळूच्या वासरांत, आणि त्याला तर क्लेम कसायाकडे धाडायला निघाला होता.

"यंदा सगळ्या गायींना हा बुटकाच," नेरिडा म्हणाली.

"लोक हसतील, पोरी. गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं. रक्त कोण बघतं?"

"दुष्काळ बघतो, बाबा."

लोक हसलेच. पुढच्या लिलावात बुटक्याच्या पोरांसमोर कुणी थांबलंही नाही. नेरिडा मागे हटली नाही. एका वर्षाचं रक्त चाऱ्यापाण्यानं फसवू शकतं म्हणून तिनं गायींच्या पोटात आधीच असलेल्या, दोन्ही वळूंच्या पुढच्या वासरांचंही दूध तुटल्यावर तपासलं. उत्तर तेच आलं.

मग पाऊस रुसला. कुरणं पांढरी पडली, चारा लांबून आणावा लागला. नेरिडानं दोन्ही वंशांची वासरं शेजारशेजारच्या गोठ्यांत घातली आणि चारा तोलून द्यायचं ठरवलं. पोरगी आपल्याला हवं तसं तोलेल, असा क्लेमला संशय. तो म्हणाला, काटा माझ्या हातात राहील. नेरिडानं तो त्याच्या हाती दिला.

रोज पहाटे म्हातारा स्वतः तोलत राहिला. वजनं सारखीच वाढली, पण बुटक्याच्या वासरांनी चारा बराच कमी खाल्ला. अंगावर चरबी जरा कमी होती, एवढंच.

 तिसऱ्या दिवशी क्लेमनं लाडक्या वळूला कसायाकडे धाडायला ट्रक मागवला. नेरिडा म्हणाली, राहू द्या त्याला घरामागे, म्हातारपण काढेल.

"चारा वासरांचा आहे," क्लेम म्हणाला. त्यानं वळूच्या कपाळावरून हात फिरवला आणि फाटक स्वतःच उघडलं. ट्रक नजरेआड होईपर्यंत नेरिडा त्याच्या शेजारी उभी राहिली. मग दोघं वासरांना पाणी पाजायला गेली.