हेमराजचे केस आणि मोठेबाबांची पेज

मी कंगवा बोलतोय. हळदूच्या लाकडाचा, बावीस दातांचा, गोड बोलायची सवय नसलेला. म्हणून दोषी कोण ते आधीच सांगून मोकळा होतो: रामाजी. माझा मालक हेमराज, त्याच्या बापाचा हा थोरला भाऊ. सगळं घर त्याला मोठेबाबा म्हणतं. घरात काही बिघडलं की तो आधी दुसऱ्याचं नाव घेतो, म्हणून इथे पहिलं नाव त्याचं.

केस गळले यात त्याचा दोष नाही, ते गळणारच होते. त्याने पुढे काय केलं, त्यासाठी मी बोलतोय.

माझा जन्म कुरखेड्याकडचा. वादळात पडलेल्या हळदूच्या फांदीतून जंगू सुताराने मला कापलं, दात पाडले, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलं आणि मोहाच्या बियांचं तेल पाजलं. हेमराजची धाकटी बहीण दिव्यानी तिकडे मावशीकडे आली होती. बाजारात तिने मला उचललं आणि अंगठ्याने माझे दात वाजवून पाहिले.

"दादाच्या केसात पिलास्टिकचा टिकतच नाई," ती म्हणाली.

"हा मोडला त मले आणून दाखव, बाई," जंगू म्हणाला.

मी मोडलो नाही. पण घाम फुटला होता. नागभीडजवळच्या त्यांच्या गावात मी पहिल्यांदा हेमराजच्या डोक्यात शिरलो, तेव्हा परत जंगलात आल्यासारखं वाटलं. असे दाट केस!

हेमराज तेव्हा एकशे बेचाळीस किलोचा होता. लोक त्याला गावभर नावं ठेवत, फक्त केसांना ठेवत नसत. आरशात तो गळ्याखाली पाहायचाच नाही. भांग पाडायचा, कपाळावरची झुलपं वर सारायचा आणि निघायचा. कॉलेजात बाक आणि टेबल एकाच लोखंडी चौकटीत जोडलेलं, त्यात तो मावायचा नाही. सर म्हणाले, "खुर्ची घरून आणत जा." वर्ग हसला. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं. घरी सांगितलं, मन लागत नाही. मन लागत होतं, बूड मावत नव्हतं. पण हे कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. नागभीड स्टेशनजवळ त्याने ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं.

पंचविसाव्या वर्षी साखर लागली, झोपेत श्वास अडकू लागला. तेव्हा नागपूरला पोटाचं ऑपरेशन झालं. पोट कापून मुठीएवढं केलं. काय खायचं ते तिथल्या आहारतज्ज्ञ नूतन मॅडमनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. मी हेमराजच्या खिशात होतो, शब्द न् शब्द ऐकला.

"आधी प्रोटीन. ही पावडर, अंडी, डाळ. पोटात जागा फार थोडी आहे, ती भाताने भरायची नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. वजन झपाट्याने उतरलं की तसं होतं. मुळं जिवंत असतात. काही महिन्यांत परत येतात. घाबरायचं नाही."

हेमराजने मान हलवली. दिव्यानीने वहीत लिहून घेतलं. बाप देवाजी जमिनीकडे पाहत राहिला. आणि रामाजी पंख्याचं बटण कुठे आहे ते शोधत होता.

वजन उतरलं. पायऱ्या चढताना हेमराज थांबेनासा झाला. साखरेची गोळी बंद झाली. मग दिवाळीच्या आधी एका सकाळी मी त्याच्या डोक्यातून बाहेर आलो तो केसांनी गच्च भरून. त्याने मला उजेडात धरलं. केस काढले, त्यांची गुंडाळी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने कपाळावरून मागे रस्ता दिसू लागला.

रामाजीची बायको रुखमाबाई उंबऱ्यात बसून म्हणाली, "फेकू नको रे बाप्पा, जमा कर. केसावर भांडे देनारी आली त एखादा गंज तरी येईन घरात."

तीच हसली, बाकी कुणी नाही.

मग रामाजीने कारभार हातात घेतला. अंगणात सगळ्यांना उभं करून म्हणाला, "हे त्या डब्यातल्या पांढऱ्यानं होऊन राह्यलं. पावडर बंद. आपन धानवाले लोक, पेजेवर वाढलो. माया डोस्का पाहा, सत्तरीत हाय, एक तरी केस कमी हाय का?"

"मोठेबाबा, मॅडमनं सांगतलं होतं..." दिव्यानीने वही काढली.

"तुई मॅडम धान रोवते का?"

हेमराजने बापाकडे पाहिलं. देवाजी म्हणाला, "दादा म्हनते त त्यात काही असंन." देवाजीला तोंड आहे, पण पन्नास वर्षं ते भावाच्या ताब्यात आहे. आणि हेमराज सव्वीस वर्षांचा असून "बरं" म्हणाला. मला त्याचाही राग आला. पण केस जात असले की माणूस कुणाचंही ऐकतो.

रामाजीची नजर मग माझ्यावर गेली. "आन् हा लाकडाचा कंगवा. यानंच केस उपडते." मला त्याने गोठ्यातल्या कुडाच्या भिंतीत खुपसलं. शेणाच्या वासात, बैलांच्या शेपट्यांचे फटके खात मी दीड महिना काढला.

तिथूनच मला सगळं दिसलं. पावडरचे डबे बोडीत, गावच्या तळ्यात, फेकून दिले, असं रामाजीने घरात सांगितलं होतं. फेकले नव्हते. एवढी महाग वस्तू त्याच्याने फेकवली नाही. रोज सकाळी तो चमचाभर पावडर सरकीच्या ढेपीत कालवायचा आणि त्याच्या लाडक्या बैलाला, चांद्याला, चारायचा. वर म्हणायचा, "खाय लेका, नागपूरचं हाय."

चांद्या चमकू लागला. खोटं नाही सांगत, पाठीवरून माशी घसरायची.

आणि घरात हेमराज पेज पीत होता, ते गोठ्यात येणाऱ्यांच्या बोलण्यातून मला कळायचं. सकाळी पेज, दुपारी पेज, "अजून एक वाटी घे, किती सुकला." भाताचं ते पातळ पाणी त्या मुठीएवढ्या पोटात गेलं की डाळीला जागा नाही, अंड्याला जागा नाही. केस ओंजळीने गेले. दुकानात उभ्या उभ्या त्याला चक्कर आली. मग त्याने दुकान बंद केलं आणि डोक्याला दुपट्टा बांधून तो घरातच बसला.

त्यातच दिव्यानीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा कुरखेड्याचा, अजय नावाचा, शाळेत मास्तर. आदल्या दिवशी रामाजी हेमराजला गोठ्यात घेऊन आला आणि हळू आवाजात बोलला. त्याचा हळू आवाज मी तेव्हाच ऐकला.

"उद्या तू पाहुन्याईसमोर येऊ नको. तुया डोस्का पाह्यला त इचारतीन, पोराले काय बिमारी हाय? पोरगी घरात राहीन मंग."

"लग्नात?"

"लग्नात पाहू. कानपिळीले प्रवीणले उभा करू."

प्रवीण रामाजीचा पोरगा. लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. कान धरून सांगायचं असतं की ही आमची आहे, नीट सांभाळ. हेमराज लहानपणापासून दिव्यानीला म्हणायचा, तुझ्या नवऱ्याचा कान लाल करीन. आणि हा म्हातारा तो कानही काढून घेऊ पाहत होता. मी लाकूड आहे, तरी तडकायची वेळ आली.

साक्षगंधाच्या दिवशी अंगणात मांडव, माणसं, मसालेभाताचा वास. आणि नवरीचा सख्खा भाऊ गोठ्यात, ढेपीच्या पोत्यावर. समोर भिंतीत त्याला मी दिसलो. त्याने मला उपसलं, शर्टाला पुसलं आणि सवयीने डोक्याकडे नेलं. मग हात तसाच खाली आला.

तो पोत्यावर पुन्हा बसला, तेव्हा पोत्यात काहीतरी टोचलं. हात घातला तर पावडरचा डबा. आत अजून अर्धी पावडर आणि वर ढेपीचा चुरा. त्याने डब्याकडे पाहिलं. मग चांद्याकडे पाहिलं. चांद्या त्याचा हात चाटू लागला.

तेवढ्यात दिव्यानी ताट घेऊन आली, हिरव्या साडीत, कपाळावर कुंकू अजून ओलं. तिने डबा पाहिला आणि ताट दाणकन खाली ठेवलं.

"हे बैलाले चारून राह्यले? अन् तुले पेज?"

"हळू बोल. पाहुने हायेत."

"पाहुने! दादा, तुले माहीत हाय का, सासऱ्यानं टोपी काढली त डोस्का असा की त्यात मांडव दिसते. अन् तू टकला दिसशीन म्हून मोठेबाबानं तुले इथी कोंबलं."

हेमराजला हसू फुटलं. दीड महिन्यातलं पहिलं. हसता हसता तो रडलाही, तो भाग सोडून देतो.

"आयक," ती म्हणाली, "प्रवीणचं समजलं मले. कानपिळी तूच करशीन. प्रवीण उभा राह्यला त मी बोहल्यावर चढनार नाई. सांगून ठेव ज्याले सांगाचं त्याले."

पाहुणे गेल्यावर हेमराजने नूतन मॅडमना फोन लावला. मॅडम चांगल्याच तापल्या. शेवटी म्हणाल्या, "आजपासून सुरू करा. रक्त तपासून घ्या. केस येतील हो, तुम्ही त्यांना खायला तर द्या!"

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन डोमाच्या सलूनमध्ये गेला. "अर्धवट नाई पायजे. सगळे काढ."

डोमाने वस्तरा उचलला आणि खाली ठेवला. "भाऊ... देवाजीकाका?"

"घरी जेवून राह्यले."

"मंग वस्तरा कसा लावू? बाप जिता असून डोस्का करत नाई कोनी. गाव मले मारीन." शेवटी वस्तरा नको, मशीन फिरवू आणि मिशी ठेवू, यावर सौदा जमला. मिशी असली म्हणजे सुतक नाही. डोमाचा कायदा.

पण मिशी दुरून दिसत नाही. नागभीडच्या बाजारात कुणीतरी हेमराजला पाठमोरा पाहिला आणि संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या गावी पोचली. तिथून देवाजीचा बालमित्र वारलू सायकल मारत, रडत अंगणात शिरला.

"देवाजी रे! न सांगता गेला रे!"

देवाजी हात धूत होता. "कोन गेला?"

वारलूने त्याला पाहिलं, सायकल सोडून दिली आणि खाली बसला. "तूच गेला होता ना बे!"

रामाजी आतून धावत आला. त्याला निमित्तच मिळालं. "पाहा! बापाले जित्तापनी मारलं या पोट्ट्यानं! अपशकुन केला घरात!"

आणि मग देवाजीने तोंड उघडलं. मी खिशात होतो, मलाही खरं वाटेना.

"मी मेलो नाई, दादा. पन पोरगा पेजेवर मरत होता, अन् मी पाहत बसलो. आता त्याची पावडर त्याले पिऊ दे. अन् कानपिळीले माया पोरगा उभा राहीन."

रामाजी वारलूची पडलेली सायकल उचलायला गेला. वारलू म्हणाला, "च्या तरी मांडा, मी एवढा रडत आलो." तेव्हा सगळं अंगण हसलं. त्या क्षणी त्या घराच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मला ते खिशातल्या धडधडीवरून कळलं.

हेमराजने दुकान उघडलं. लोक टकलावर बोलले, त्याने बोलू दिलं. "ऑपरेशननं गेले, येतीन," एवढंच उत्तर. रोज सकाळी पावडर, मग अंडं, मग डाळ, पोटात जागा उरली तरच दोन घास भात. मला काम नव्हतं, तरी तो मला खिशात ठेवायचा. फेब्रुवारीत डोक्यावर काळी पालवी फुटली. एप्रिलात लग्नाच्या सकाळी केस दोन बोटं झाले होते. मी त्यातून पहिल्यांदा फिरलो आणि बाहेर आलो तो रिकामा. एकही केस नाही. त्याने मला उजेडात धरून पाहिलं, उलटून पाहिलं. मग मोठ्याने श्वास सोडला.

मांडवात त्याने अजयचा कान धरला तो सोडेचना.

"साळेबुवा, हळू!" अजय ओरडला. "दिव्यानीनं मले सगळं पयलेच सांगतलं होतं. टकल्याच्या घरात वाढलो मी, तुमी लपले काऊन?"

"मी नाई लपलो," हेमराज म्हणाला. "लपवलं." आणि अजून एक पीळ दिला.

आता हेमराज सत्त्याऐंशी किलोचा आहे. केस आधीसारखेच दाट. माझे दोन दात झिजले आहेत, ते कामाने, तक्रार नाही. आरशात तो आता पायापर्यंत पाहतो. रामाजी पानठेल्यावर सांगतो की पोराचे केस त्याच्या पेजेने आले. लोक ऐकतात. चांद्याची चमक मात्र गेली.

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं आणि केस गळू लागले, तर त्याला लपवू नका. आमच्या कंगव्यांच्या जातीलाही दोष देऊ नका, आम्ही फक्त सुटलेले केस बाहेर आणतो. डॉक्टरने जे लिहून दिलं ते त्याच्याच पोटात जाऊ द्या, बैलाच्या नाही. केस आपल्या वेळेला येतात. वडीलधाऱ्यांनी तेवढा वेळ गप्प बसावं, एवढंच मागणं.

हेमराजचे केस आले, साखर गेली, कानपिळी झाली. बहिणीच्या साक्षगंधाला तो गोठ्यात बसला होता. तो दिवस मात्र गेला तो गेला, परत यायचा नाही.