सासऱ्यांचा डावा हात

झाडं छाटणाऱ्या टोळीला व्यायाम शिकवायचं काम उद्यान खात्याने तिला दिलं, तेव्हा त्या टोळीचे मुकादम कोण, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते तिला घरी कळलं, भाजी निवडताना. मुकादम म्हणजे तिचे सासरे.

"बरंच झालं," सासूबाई म्हणाल्या. "घरचं माणूस आहेस, तुझं ऐकतील."

सासूबाईंचा अंदाज इतका सपशेल कधी चुकला नव्हता.

पहिल्या सकाळी साडेसातला तिने खात्याच्या आवारात अकरा जणांना रांगेत उभं केलं. सासरे एका ओंडक्यावर चहा पीत बसून राहिले.

"मुकादम, तुम्हीही या," ती म्हणाली. कामाच्या जागी 'बाबा' म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

त्यांनी मात्र तसं काही ठरवलेलं नव्हतं. "सूनबाई," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आमचा व्यायाम आठला सुरू होतो आणि पाचला संपतो. मधे जेवायची सुट्टी."

टोळी खो खो हसली. त्यानंतर तिचं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती पन्नास बैठका सांगायची, ही मंडळी वीस मारून गुडघे चोळत उभी. पाठ सरळ ठेवून ओझं कसं उचलावं हे दाखवायला ती वाकली, की ओंडक्यावरून आवाज यायचा, "चला रे, गाडी भरायचीय." दोन आठवड्यांत तिच्या नाकी नऊ आले. घरी नवऱ्याकडे गाऱ्हाणं केलं, तर तो म्हणाला, "तुम्हा दोघांच्या मधे मी पडणार नाही," आणि खरोखरच पडला नाही.

शेवटी वैतागून तिने ठरवलं, एक दिवस यांच्याबरोबर जायचं. यांचा आठ ते पाचचा व्यायाम आपणही करून बघायचा.

रस्त्यावरच्या एका जुन्या झाडाच्या फांद्या विजेच्या तारांवर आल्या होत्या. वर चढला तो काडी. टोळीतला सगळ्यात बारीक माणूस म्हणून त्याचं हे नाव. ती खाली दोर धरायला. कापलेली फांदी दोरावर सावकाश उतरवायची, ओढत गाडीपर्यंत न्यायची, परत यायचं. अकरा वाजता तिचे तळहात सोलवटले. चार वाजता तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना. काडीने ते उघडून दिलं.

"मॅडम, राग मानू नका," तो हळूच म्हणाला, "पण सकाळी बैठका मारून वर चढलं की मांड्या थरथरतात. वर थरथरून चालत नाही ओ."

तिला राग आला, पण स्वतःचाच. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनांसाठी आखलेला व्यायाम तिने जसाच्या तसा इथे आणला होता. दमायचं कसं, हे यांना शिकवायची गरजच नव्हती.

आणि त्याच दिवशी तिला आणखी एक गोष्ट दिसली. सासरे प्रत्येक ओंडका उजव्या खांद्यावर घेत होते. प्रत्येक. दोर उजव्या हातात, कुऱ्हाड उजव्या हातात. एकदा कुणीतरी डाव्या बाजूने छोटी करवत दिली, ती त्यांच्या बोटांतून निसटली आणि त्यांनी ती झटकन गुडघ्याने झाडाला दाबून धरली. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर ते हातपाय धुऊन बसले, तशी ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, डावा हात पुढे करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना!"

या घरात तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. स्वयंपाकघरात सासूबाईंची विळी थांबली. सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने आपली दोन बोटं त्यांच्या तळव्यात ठेवली.

"दाबा."

त्यांनी दाबली.

"जोर लावा."

"लावलाय," ते म्हणाले.

जो माणूस टोळीत दोघांचं काम एकटा करतो, त्याची पकड तान्ह्या मुलासारखी होती.

"किती दिवस झाले?"

"दिवस कसले. दीड वर्ष. दोन बोटं बधिर असतात." ते खाली बघत होते. "खात्याला कळलं तर मला खाली बसवतील. तीस वर्षं वर चढलोय. खाली बसून काय पानं मोजू?"

"म्हणून माझी रोज थट्टा करत होतात?"

"रांगेत आलो असतो तर तू पहिल्याच दिवशी पकडलं असतंस."

तिने कपाळावर हात मारला. यावर चिडावं की काय करावं, हेच तिला कळेना. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "आणि मी समजत होते, यांच्या हातात देताना कप माझ्या धांदरटपणामुळे फुटतायत! दीड वर्ष बोलणी खाल्ली मी!" त्यांचा पारा असा चढला, की सुनेचा उतरला.

डॉक्टरांनी निदान केलं, मानेत शीर दबली आहे. तीन महिने चढायचं नाही, एका खांद्यावर ओझं नाही, नेमून दिलेला व्यायाम रोज.

तिने टोळीचा वर्गही बदलला. रोज सकाळी फक्त दहा मिनिटं सांधे मोकळे करायचे. ज्या दोन दिवशी काम हलकं असेल, त्या दिवशी जड वजनं, थोड्याच वेळा, आणि जी बाजू कामात वापरली जात नाही तिच्यावर भर. काडी म्हणाला, हे जमेल.

सासरे मात्र तिने आजवर पाहिलेले सगळ्यात वाईट रोगी निघाले. खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा ओढताना ते आकडे गाळायचे.

"झाले पंधरा."

"नऊ झाले, बाबा."

"तू मोजत होतीस?"

चौथ्या महिन्यात आवारातल्या लोखंडी दांड्याला लटकायची परीक्षा ठरली. दोन्ही हातांनी तीस सेकंद, तरच ती पुन्हा झाडावर चढायच्या परवानगीच्या कागदावर सही करणार. डावा हात सव्विसाव्या सेकंदाला सुटला. अख्खी टोळी एका सुरात म्हणाली, "तीस!" तिने सव्वीस लिहिलं. सासरे तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी सांगितलं, सुनेची सही आणा. दोन दिवस घरात अबोला.

परीक्षेनंतर नवव्या दिवशी ते चौतीस सेकंद लटकले. तिने सही केली. त्यांनी कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "उजव्या खांद्याचं काय? तोही आताशा कुरकुरतो."

"बाबा! हे आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

ती पेनाचं टोपण शोधू लागली. ते तिच्याच दुसऱ्या हातात होतं.