पंच्याण्णव किलोचे भाऊजी

मी शिंपी आहे. पॅन्टचा. गेली सव्वीस वर्षं लोकांच्या कमरा मोजतोय आणि छातीवर हात ठेवून सांगतो, कमरेच्या बाबतीत खरं बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय. गिऱ्हाईक श्वास आत ओढून उभं राहतं, मी टेपखाली गुपचूप दोन बोटं सरकवतो आणि वहीत खरा आकडा लिहितो. पॅन्ट बरोबर बसते, दोघंही खूश.

माझं स्वतःचं माप मात्र त्या वहीत नाही. घरच्यांच्या हिशेबी मी पंच्याण्णव किलोचा. नऊ वर्षांपूर्वी हा आकडा सांगितला तेव्हा तो खरा होता. पुढे कोणी विचारलं नाही, म्हणून मीही बदलला नाही. माझ्या पॅन्टी मी दुपारच्या वेळी शटर अर्धं ओढून उसवतो आणि सैल करतो.

आता माझी मेहुणी. बायकोची धाकटी बहीण, डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. अकरा वर्षं ऑइल बदलतेय, ग्रीस भरतेय, आणि सगळा जीव अडकलाय पंपरूममध्ये. पंपरूम म्हणजे वर्कशॉपच्या कोपऱ्यातली काचेची खोली. इंजिनाला डिझेल पुरवणारे पंप तिथे उघडतात. धुळीचा कण चालत नाही, स्वच्छ कोट घातल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. आत फक्त वर्कशॉपचे मुख्य कारागीर, उस्ताद, बसतात. ते आता निवृत्त होणार होते. खोलीची किल्ली एक तर मेहुणीला मिळणार होती, नाहीतर उस्तादांच्या जावयाला. त्या जावयाला पाना कुठला आणि पक्कड कुठली हे अजून विचारावं लागतं.

मेहुणीनं दोन वर्षं खपून एक जुनी डबल केबिन पिकअप बांधली होती. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो मोठा, पंप तिनं स्वतः बसवलेला, सायलेन्सर नावापुरता. उस्ताद म्हणाले, "बांधलीस ना? मग दाखव. जुन्या धावपट्टीवर चारशे मीटर, तेरा सेकंदांच्या आत. किल्ली तुझी."

मी त्याच दिवशी तिच्या मापाचा कोट कापायला घेतला. शिवूनही टाकला. फक्त बटणं लावली नाहीत. आधी लावली तर काम फिसकटेल, असं मला उगाच वाटलं.

पण पिकअप मागून हलकी. जोर जास्त दिला की मागची चाकं जागच्या जागी फिरत, नुसता धूर. सरावाला तिनं मागच्या सीटवर वाळूची पोती बांधली. उस्तादांनी नाक मुरडलं. "पोती सुटली तर तुझ्या डोक्यात पडतील. पट्टा लावून माणूस बसव, एकच."

"आमचे हे आहेत की," बायको म्हणाली. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

मेहुणीनं लगेच बरोबर पंच्याण्णव किलो वाळू मोजून सराव केला. त्या वजनाला चाकं जेवढा जोर झेलतील तेवढाच पंपाचा डिझेल सोडणारा स्क्रू उघडला. वेळ आली तेरा सेकंद पूर्ण. आत नाही, पूर्ण. क्लच तोवर इतका जळला होता की आणखी एकच धाव उरली होती.

रविवारी सकाळी मी मागच्या सीटवर बसलो, पट्टा जेमतेम लागला, आणि आम्ही धावपट्टीकडे निघालो. मोकळ्या रस्त्यावर मेहुणी म्हणाली, "भाऊजी, जरा धरून बसा हं," आणि पाय दाबला.

आधी टर्बोची एक बारीक शिट्टी वाजली. मग मला कोणीतरी मागे ओढलं. माझं पोट, जे नेहमी माझ्या पुढे चालतं, ते माझ्या मागे गेलं! मी ओरडायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं हसू. खीखी, फीफी, शाळेतल्या पोरीसारखं. तिनं पाय काढला तरी ते थांबेना.

"परत," मी म्हणालो.

"आत्ता नाही. क्लच!"

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. वाळू पंच्याण्णव. मी एकशे अकरा. सोळा किलो जास्त ओझं, म्हणजे गाडी आणखी सावकाश. तेरा पूर्ण ही वेळ पंच्याण्णवची होती! माझ्या खोट्यापायी ही पोरगी किल्ली गमावणार होती.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला उस्ताद स्टॉपवॉच घेऊन ठिपक्याएवढे दिसत होते. बायको स्कूटरवरून आधीच पोचून आमच्या गाडीपुढे उभी होती, इशारा द्यायला हातात लाल रुमाल. मेहुणी गिअर टाकणार, एवढ्यात मी म्हणालो, "थांब. मी एकशे अकरा आहे."

"काय एकशे अकरा?"

"किलो."

इंजिन घुरघुरत होतं. बायको खिडकीशी आली. "बोललात एकदाचे! रोज मी तुमची गादी उलटी करते. तिला पडलेला खड्डा मला दिसत नसेल?"

मेहुणीनं मात्र बोटांवर वजाबाकी केली. मग एकदम स्टीअरिंगवर थाप मारली. "भाऊजी! सोळा किलो जास्त? मागच्या चाकांवर? आधी नाही का सांगायचं! अहो, मग चाकं घट्ट धरतील, मी पंप आणखी उघडू शकते की!" तिनं उडी मारली, बॉनेट उचललं, खिशातला स्क्रूड्रायव्हर घातला आणि पंपाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. परत बसली तेव्हा कानापासून कानापर्यंत हसत होती. "आणखी काही लपवलंय का? आत्ताच सांगा."

"सकाळचा नाश्ता दोनदा झालाय."

"देव भलं करो तुमचं!"

बायकोनं रुमाल खाली आणला.

पुढचं सगळं नीट सांगता येणार नाही. चाकं फिरली नाहीत. चिकटली, आणि धावपट्टी आमच्या अंगावर धावून आली. शिट्टीची किंचाळी झाली. माझे गाल कानांकडे गेले, चष्मा कपाळावर चढला. दुसरा गिअर पडला तशी पाठीत सणसणीत लाथ बसली. तिसऱ्याला दुसरी. मी ओरडत होतो, "एकशे अकरा! एकशे अकरा!" का, ते विचारू नका. नऊ वर्षं घशात अडकलेला आकडा होता, जोरानं सुटला. मेहुणीही पुढून ओरडत होती, "एकशे अकरा!" उस्ताद ठिपक्याचे माणूस झाले, माणसाच्या मिशा झाल्या, आणि ते मागे गेले. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. लग्नातही नाही, आणि हे मी बायकोला सांगितलंय.

थांबलो तेव्हा क्लचचा जळका वास येत होता. उस्ताद चालत आले, अगदी सावकाश. स्टॉपवॉच मेहुणीच्या डोळ्यांपुढे धरलं. बारा पूर्णांक आठ.

उस्तादांनी खिशातून किल्ली काढली, रुमालानं पुसली आणि तिच्या काळ्या तळहातावर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोट लागेल हिला."

"गाडीतच आहे," मी म्हणालो.

मी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून बटणं लावायला घेतली. पण सुई काही केल्या ओवता येईना. बायकोनं दोरा ओवून दिला. जरा वेळानं तिनं माझ्या गळ्यातली टेप काढली, तिथल्या तिथे माझ्या कमरेला गुंडाळली आणि आकडा मोठ्यानं वाचला. मी श्वास आत ओढला नाही.

चार बटणं झाली तेव्हा मेहुणी धावत आली. "भाऊजी, नवा क्लच पुढच्या रविवारपर्यंत बसतोय. येणार?"

मी "येणार!" म्हणत सुई कोटातच टोचून उठलो. पाचवं बटण अजून लावायचं राहिलंय.