पदरचे तीन सेकंद

माहे उस्ताद भैय्याजी सांगत, पोराले पोटभर शाबासकी देल्ली का ते आडवं होते. त्याईनं मले कधी खरा टाइम सांगतला नाही. आठशे मीटर धावून आलो का घडी पाहून तोंड वाकडं करत. "दोन आठ. म्हातारी बरी पळते तुह्यापेक्षा." मी चिडो, दुसऱ्या दिवशी जीव खाऊन धावो. मेडल आले, त्याच्या भरोशावर कोराडीच्या पावर हाऊसमंदी नोकरी लागली. मंग एक दिवस भैय्याजीनं आपली घडी माह्या हातात ठेवली अन् सांगतलं, "रुपराव, तुह्या टाइमात तीन सेकंद मी पदरचे टाकत होतो गा." मी हासलो. लय आवडली होती मले ते गोष्ट.

रिटायर झाल्यावर कॉलनीच्या ग्राउंडवर पोरं धाववाले लागलो. सकाळी साडेपाचले. पावर हाऊसची राख अशी बसलेली राहे का चुन्याची रेघ मारली तर दिसत नाही. गोपिका सावनेरकडच्या खेड्यातून पहिल्या बसनं येत होती. सतरा वर्षाची, तुराटीसारखी वाळलेली. पण पाय असे, का पाहाव. तिचे आठशे मीटर, म्हणजे ग्राउंडले दोन चक्कर. दोन मिनिटं वीस सेकंदाच्या आत आली का ट्रायलले पाठवता येत होतं.

धावून आली का गुडघ्यावर हात ठेवून माह्या तोंडाकडं पाहे. "सर, किती?"

"सव्वीस. बस चुकली असती तुही."

बाकीचे हासत. बाकीचे माह्या बोलण्यानं चिडत बी, अन् सुधरत. गोपिका चिडे नाही, चूप होत जाये. धावाच्या आंधी झाडामागं जाऊन उलटी करे. मी म्हणो, "खाऊन नोको येत जाऊ वं." ते खातच नव्हती, हे मले मागून समजलं.

दसऱ्याच्या दोन दिवस आंधी एक माणूस गळ्यात दुपट्टा टाकून ग्राउंडच्या भितीजवळ येऊन बसला. मी लक्ष देल्लं नाही. गोपिका धावली. मी घडी दाबली अन् दोनदा पाहिली. दोन सतरा. या ग्राउंडवर पोरीचा असा टाइम मी पाहिला नव्हता.

"सर, किती?"

ट्रायलले आठ दिवस होते. वाटलं, अजून चिडन, पंधरा काढन. म्हटलं, "वीस. दारातच अडकली."

या खेपी तिनं माह्याकडं पाहिलं नाही. भितीकडं पाहिलं. तो माणूस उठून आला, हात जोडले. तिचा बाप, आनंदराव.

"सर, तुम्ही लय मेहनत घेतली. आमची दसऱ्यापर्यंतची बोली होती. वीसच्या आत आली तर धाव, नाहीतर धरमपेठले मामाच्या दुकानात बस. आता तिच्या पायातच नाही, तर तुम्ही का कराल."

तवाच तोंड उघडाले पाहिजे होतं. पण भवताल पंधरा पोरं उभी होती. साऱ्याईसमोर कसं सांगू का मी रोज खोटं बोलतो? म्हटलं, उद्या बसमधून उतरली का बाजूले घेऊन सांगू. दुसऱ्या दिवशी ते उतरलीच नाही.

दसरा झाल्यावर धरमपेठले गेलो. मामाच्या कापडाच्या दुकानात गोपिका ड्रेसपीसच्या घड्या करून राहिली होती. मले पाहून स्टूल देल्लं, पाणी देल्लं.

"गोपिका, त्या दिवशी दोन सतरा आले होते."

ते घडी करतच राहिली.

"मी पदरचे तीन टाकतो. हमेशा. माह्या उस्तादाची रीत आहे ते."

"हमेशा?"

"हमेशा. ट्रायलले अजून तीन दिवस आहे. चाल. बापाले मी सांगतो."

ते जराशी हासली. "बाबांनीच पाठवलं ना तुमाले? मी जेवत नाही म्हणून?"

"आईची शपथ, सतरा."

"तुम्ही चांगले आहा सर. पण मले बरं वाटाव म्हणून कमी करून नोका सांगू. माहे पाय मले माहीत आहे."

मी खिशातून घडी काढली. "घे. तुह्याच हातानं दाब अन् धावून पाहाय."

तिनं तोंड फिरवलं. "ठेवा सर ते. घडी पाहवत नाही आता मले."

मी घडी खिशात टाकली. उठलो. ते मामाले विचारून मले स्टॉपपर्यंत सोडाले आली. समोर कोराडीची बस उभी होती, कंडक्टरनं घंटी मारली होती. माहा गुडघा चालत नाही.

"धाव वं, थांबव तिले," मी म्हटलं.

गोपिकानं बसकडं पाहिलं. चपलीतला पाय उचलला अन् तिथंच ठेवला.

"नाही सर. चुकनच ते."

बस निघून गेली. दुसरी पाऊण तासानं होती. तोपर्यंत ते माह्यासंग बाकड्यावर बसून राहिली, ओढणीचं टोक बोटाले गुंडाळत. बस उभी होती तिथपर्यंतचं अंतर मी डोळ्यानं मोजलं. पन्नास पावलं बी नव्हती.