मीडियमचं माप

प्रत्येक स्त्रीचं शरीर ही जगात पुन्हा न घडणारी गोष्ट असते. कपड्यांच्या कारखान्यातल्या नमुना विभागात मात्र मापासाठी उभ्या राहणाऱ्या तिच्या शरीराला मीडियम म्हणत, आणि ते दर सोमवारी जसंच्या तसं पुन्हा घडावं एवढीच सगळ्यांची अपेक्षा होती.

"श्वास सोडा बाई," कटिंग मास्तर म्हणाले. तिने सोडला. कमरेची टेप पाऊण इंच पुढे सरकली. मास्तरांनी ती ओढून धरली आणि मोठ्याने जुनंच माप सांगितलं.

नवा कपडा आधी तिच्या अंगावर चढे. तिला नीट बसला की मगच त्याच मापाचे ढीग शिवले जात. म्हणून ती लग्नाआधीपासून अर्धपोटी राहत आली होती. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर दोन घास. सून घरात आहे हे आमच्या डब्यांना कळतसुद्धा नाही, असं सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगत. मग त्याच बैठकीत घरात पाळणा हलत नाही म्हणून उसासा टाकत. नवरा दोन्हींना मान डोलवी.

पाळी बंद झाली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. पांढऱ्या कपड्यांची धास्ती गेली. दीड वर्षाने ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासण्यांत बाकी काही निघालं नाही. मग त्यांनी जेवता काय ते विचारलं आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं.

"अहो, तुमच्या अंगाला वाटतंय दुष्काळ पडलाय. आईलाच पुरत नाही, तिथे बाळाला कुठून देणार? अंडाशयाने दुकान बंद केलंय."

"उघडेल?"

"पोटभर जेवलात तर बहुतेक. वेळ लागेल. मूल होईलच असं मी म्हणत नाही, छत्तिशी उलटलीय तुमची."

ती जेवू लागली. मास्तर टेप ओढत राहिले. अशातच गरोदर बायकांच्या कपड्यांची ऑर्डर आली.

मास्तरांनी कापसाचं पोट शिवून आणलं, सातव्या महिन्याचं, मागे नाडी असलेलं. ते बांधून ती उभी राहिली. शिलाईकडच्या बायका दारात जमल्या.

"काय गं मीडियम, कोणाचं?"

"मास्तरांचं."

बायका खिदळल्या, मास्तर टाचण्या शोधू लागले. पोटाला वजन नव्हतं, तरी तिने खालून हात दिला होता.

मॅनेजरसाहेब आले. पोट छान आहे, म्हणाले, पण हाताचे दंड का जाडावलेत? गरोदर असली तरी बाई मीडियमच पाहिजे. महिन्याभरात वजन उतरवा.

"उतरवणार नाही साहेब," ती म्हणाली. "अजून वाढवायचंय."

तिला बटणं लावायला बसवलं. तिथे कोणी माप घेत नाही. नमुना विभागात तिच्या जुन्या मापाचा पुतळा आला आणि सगळे त्यालाच मीडियम म्हणू लागले. त्याच्या कमरेवर कापसाचं पोट ठरेना, सारखं घसरे. शेवटी मास्तर जेवणाच्या सुट्टीत तिला बोलवायला आले.

तिने डबा आधी संपवला. मग हात धुऊन गेली, पुतळ्याभोवती नाडी दोनदा फिरवून गाठ मारली, पोट हलवून पाहिलं. पक्कं बसलं होतं.

तिची पाळी अजून आली नव्हती.